यार्देनेचे उतार आणि जमालपूरचा रस्ता

शास्त्रभाग : शास्ते १२:१–६, २ राजे ६:८–२३



डिसेंबरची १६ तारीख दरवर्षी आगमनकाळातच येते. एकीकडे मुलांची नाताळच्या गीतांची तालीम चाललेली असते, मेंढपाळांच्या सोंगासाठी घरोघरच्या घोंगड्या गोळा होत असतात, आणि त्याच आठवड्यात विजय दिवस उजाडतो. इंदूरच्या आम्हां लोकांना तो विसरता येत नाही. महूची छावणी आमच्या शेजारी आहे, पायदळाचे शिक्षण देणारी संस्था तेथे आहे, आणि आमच्या मंडळीत पलटणीतून पेन्शन घेऊन आलेली माणसे आहेत. त्या रविवारी ती माणसे कोटावर पदके लावून येतात आणि नेहमीच्याच बाकावर, नेहमीपेक्षा जरा ताठ बसतात.

गेल्या खेपेस याच सुमारास रविवारच्या शाळेत इफ्ताहाचा धडा होता. आमच्या शिक्षिकाबाईंनी गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार कसे अडवून धरले, पळून आलेल्यांना एक शब्द उच्चारायला कसे लावले आणि बेचाळीस हजार माणसे कशी पडली, ते सांगितले. गोष्ट संपताच एका मुलाने विचारले, ‘‘म्हणजे आपण जिंकलो ना?’’ बाई गप्प राहिल्या. उपासनेनंतर त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘या धड्यात ‘आपण’ म्हणजे कोण, हेच मला सांगता येईना.’’

त्या प्रश्नाने आम्हांलाही बरेच दिवस सोडले नाही. कारण त्या नदीच्या अलीकडे इस्राएल होते आणि पलीकडेही इस्राएलच होते.

हा अध्याय आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. ‘शिब्बोलेथ’ या शब्दाची गंमत तेवढी आपल्या लक्षात राहते. एफ्राइमी माणसाला ‘श’ म्हणता येत नसे, तो ‘स’ म्हणे, आणि तेवढ्यावरून त्याचा जीव जाई. इंदूरच्या मराठी माणसाला ही गोष्ट लवकर कळावी. आमची मुले हिंदी शाळांतून शिकतात. ‘चोर’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ ती हिंदीसारखा म्हणतात, ‘ळ’चा ‘ल’ करतात, ‘येऊन राहिलो’ असे सर्रास बोलतात. आणि पुण्याला मामाकडे गेली की पहिल्याच वाक्याला सगळे हसतात. हसण्यावारी जाते म्हणून बरे. यार्देनेच्या काठावर ते हसण्यावारी गेले नाही.

पण भांडण उच्चाराचे नव्हते. एफ्राइमाची तक्रार एवढीच होती की, अम्मोन्यांशी लढायला जाताना आम्हांला बोलावले का नाही. मानाचा प्रश्न! त्यात त्यांनी इफ्ताहाला घरासकट जाळण्याची धमकी दिली, हा त्यांचा दोष खराच. परंतु हीच तक्रार, हेच एफ्राइमी लोक, यापूर्वी एकदा गिदोनाकडे घेऊन आले होते (शास्ते ८:१–३). गिदोनाने काय केले? तुमच्या वेचणीपुढे आमचा सगळा हंगाम फिका, अशा अर्थाचे चार गोड शब्द तो बोलला आणि त्यांचा राग उतरला. त्याच गिदोनाच्या वेळी मिद्यानाविरुद्ध यार्देनेची पाण्याची वाट एफ्राइमानेच रोखली होती (७:२४). ज्यांनी एकदा राष्ट्रासाठी उतार अडवले, त्यांचीच मुले पुढे त्या नदीच्या उतारांवर आपल्या भावांच्या हातून मेली. इफ्ताहाजवळ गोड शब्द नव्हता. तो नुकताच आपल्या एकुलत्या एक लेकीला मुकला होता. दुखावलेला माणूस नदीच्या वाटेवर बसला की काय होते, ते या सहा वचनांत आहे. शास्त्र त्याचे गोडवे गात नाही. मेलेल्यांचा आकडा देते आणि थांबते.

नदीची वाट धरून बसणे म्हणजे काय, हे आमच्या माळव्यालाही ठाऊक आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनच्या पुढे महिदपूर येथे क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज अशीच उभी होती. समोर सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांची इंग्रजी फौज होती. होळकरांच्या तोफा उतारावर रोखलेल्या होत्या आणि त्या तोफांच्या माऱ्यातून इंग्रजांनी नदी ओलांडली. गोलंदाज तोफांजवळ मरेपर्यंत लढले, पण लढाई हातची गेली. पुढे ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, इंदूर होळकरांची राजधानी झाली आणि महूची छावणी वसली. ज्या शहरात आपण राहतो ते असे एका हरलेल्या नदीकाठातून उभे राहिले आहे. त्याच छावणीत १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. पराभवातून देव काय काय उगवतो याचा हिशेब आपल्याला लागत नाही. असो.

आता १९७१ सालाकडे येऊ. त्या वर्षी पूर्व बंगालात जे झाले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. पाकिस्तानी लष्कराने आपल्याच प्रजेवर हत्यार उचलले आणि सुमारे एक कोट निर्वासित आपल्या देशात आले. डिसेंबरच्या ३ तारखेस युद्ध पेटले. मेघालयाच्या बाजूने ढाक्याकडे उतरणाऱ्या फौजेत पहिली मराठा लाइट इन्फंट्री होती. हीच जुनी ‘जंगी पलटण’, १७६८ साली मुंबई इलाख्यात उभी राहिलेली. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार, आणि जवान आपल्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडचे.

वाटेत जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर हे गाव लागते. तेथे पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांच्या हाताखाली, मोर्चे बांधून बसली होती. समोरून नदी ओलांडून चढाई करणे म्हणजे माणसे वाया घालवणे. म्हणून मराठ्यांनी रात्री गावाच्या पश्चिमेकडून नदी पार केली आणि वळसा घालून ते गावाच्या दक्षिणेला, टांगाईल-ढाका रस्त्यावर येऊन बसले. गावाच्या उत्तरेस नदी आणि आपली ब्रिगेड, दक्षिणेस रस्त्यावर मराठे. शत्रू घेरला गेला.

यापुढे जे घडले त्याकडे रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या एका माणसाच्या हाती सुलतान अहमद यांना पत्र धाडले. तुम्ही घेरले गेला आहात, शस्त्रे ठेवा, तुम्हांला सन्मानाने वागवू, असा त्याचा आशय होता. अनुवाद २०:१० मध्ये मोशेने हाच नियम घालून दिला आहे : एखाद्या नगराशी लढायला जवळ गेलात तर प्रथम सलोख्याचे बोलणे लावा. क्लेर यांनी तो अध्याय वाचला होता की नाही ते महत्त्वाचे नाही. नियम पाळला गेला. सुलतान अहमद यांनी उत्तर पाठवले आणि त्या उत्तरात बंदुकीची एक गोळी गुंडाळून घातली. लेखणी टाका, हत्यार घेऊन या, अशी त्यांची भाषा होती. शत्रूच्या शौर्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. माणूस भ्याड नव्हता.

१० डिसेंबरच्या रात्री बलूच पलटण अंधारातून त्या रस्त्याने बाहेर पडू लागली. रस्त्यावर आपले जवान खंदकांत होते. रात्रभर लढाई झाली. सकाळी त्या शेतांतून, बांधांवरून, रस्त्यावर दोनशेहून अधिक पाकिस्तानी सैनिक मरून पडलेले होते. स्वतः सुलतान अहमद काही जवानांसह निसटले. गावात उरलेल्यांनी ११ तारखेस शस्त्रे ठेवली. त्याच दिवशी दुपारनंतर टांगाईलजवळ दुसरी पॅरा पलटण आकाशातून उतरली आणि तिने लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरला. ही पलटणही मूळची मराठाच, पूर्वीची तिसरी मराठा लाइट इन्फंट्री. उत्तरेकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या रात्री त्या पुलावर येऊन आदळल्या आणि मागे रेटल्या गेल्या. १२ तारखेच्या संध्याकाळी जंगी पलटण तेथे येऊन त्यांना मिळाली. दोन नद्या, दोन मराठी पलटणी, आणि मधे कोंडलेला शत्रू. चार दिवसांनी ढाका पडले.

ही हकिगत आम्ही तालीम चाललेल्या खोलीत मुलांना सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. पडू द्याव्यात. सैनिकाने आपले काम चोख केले तर त्याचे कौतुक करण्यात कसलेही पाप नाही. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना पलटण सोडायला सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, पगारात समाधान माना, असे सांगितले (लूक ३:१४). पण मागच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर ते इतकेच म्हणाले, ‘‘सकाळी मोजणी करावी लागते ना. कोणाच्या खिशात पत्र असतं, कोणाच्या फोटो.’’ यापुढे ते बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

आता शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाकडे वळू. जमालपूरचा रस्ता आणि यार्देनेचा उतार यांत फरक आहे की नाही? आहे. जमालपूरला समोर हत्यारबंद पलटण होती, तिला आधी सलोखा देऊ केला होता आणि तो तिने नाकारला होता. यार्देनेवर मात्र पळून आलेला, दमलेला, पार जाऊ द्या म्हणून विनवणारा एकेकटा माणूस होता, आणि त्याला पकडण्याचे साधन त्याचीच बोली होते. संदेष्टा ओबद्या अदोमाला नेमके याच गोष्टीचा दोष लावतो : तुझ्या भावावर संकट आले तेव्हा तू चव्हाट्यावर उभा राहिलास आणि निसटू पाहणाऱ्यांना कापून काढलेस (ओबद्या १४ चा आशय). वाट धरणे एक गोष्ट, आणि वाट धरून भावाच्या जिवाचा सूड घेणे दुसरी. परंतु फरक आहे एवढे सांगून आम्हांला सुटता येत नाही. त्या म्हाताऱ्या सैनिकाला तो फरक आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होता, तरी त्यांचे हात मांडीवरच राहिले.

म्हणून २ राजे ६ वाचावा. तेथेही शत्रू घेरला गेला आहे, पण किती वेगळ्या रीतीने! अरामाचा राजा अलीशाला धरायला दोथानास घोडे आणि रथ पाठवतो. रात्रीतून नगराला वेढा पडतो. सकाळी चाकर घाबरतो. देव त्याचे डोळे उघडतो आणि त्याला डोंगरावर अग्नीचे रथ दिसतात. इथवर आपण मुलांना रंगवून सांगतो. पुढचा भाग मात्र पुष्कळदा वेळ संपला म्हणून राहून जातो, आणि खरे मर्म तेथेच आहे. त्या सैन्याचे डोळे अंधळे होतात, अलीशा त्यांना हाती धरल्यासारखे चालवीत थेट शोमरोनात, शत्रूच्या राजधानीच्या मधोमध नेऊन उभे करतो. डोळे उघडतात तेव्हा चहूकडे इस्राएलाची फौज. इस्राएलाचा राजा अधीर होऊन दोनदा विचारतो, मारू का, मारू का? त्याचा आवाज आपल्याला ओळखीचा वाटतो. अलीशा म्हणतो, मारायचे नाही. युद्धात धरून आणलेल्यांना तरी तू मारतोस काय? यांच्यापुढे भाकर ठेव, पाणी ठेव, आणि यांना आपल्या धन्याकडे जाऊ दे. राजाने नुसती भाकर ठेवली नाही, मोठी मेजवानी दिली. राजालाही कधी कधी शहाणपण सुचते.

असे प्रत्यक्षात कोण करतो, असे कोणी म्हणेल. आमच्याच मध्य प्रदेशात हे झाले आहे. १९७१ च्या शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी भारतात आले. त्यांचे सेनापती जनरल न्याझी यांना जबलपूरला ठेवले होते. दोन वर्षांहून अधिक काळ या देशाने, ज्याच्या स्वतःच्या महाराष्ट्रात १९७२ साली भयंकर दुष्काळ पडला होता, त्या कैद्यांना जेवू घातले, त्यांची पत्रे घरी जाऊ दिली. जुलै १९७२ मध्ये सिमल्याचा करार झाला, २८ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीत समझोता झाला, आणि मग गाड्या भरभरून ती माणसे वाघ्याच्या वाटेने परत गेली. शेवटच्या तुकडीबरोबर ३० एप्रिल १९७४ रोजी न्याझीही सीमा ओलांडून गेले. युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेल्या १९५ जणांवर खटला व्हावा असा बांगलादेशाचा आग्रह होता. तेही अखेर सोडले गेले. ज्यांच्या लेकीबाळींवर अत्याचार झाले त्यांनी यावर काय म्हणावे? दया दाखवणारा एक आणि तिची किंमत मोजणारा दुसरा, असे जगात पुष्कळदा होते. आपण दयेवर प्रवचन करतो तेव्हा ती किंमत कोणी मोजली हे विसरू नये. कालवरीवर मात्र दया करणारा आणि किंमत मोजणारा एकच होता.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २३ व्या वचनात लिहिले आहे की, त्या मेजवानीनंतर अरामाच्या टोळ्या इस्राएलाच्या देशात यायच्या बंद झाल्या. धडा येथे संपवला की फार छान वाटते. पण लगेच २४ व्या वचनात अरामाचा राजा बेनहदाद सारे सैन्य घेऊन शोमरोनाला वेढा घालतो, आणि नगरात असा दुष्काळ पडतो की तो वाचवत नाही. आमच्या बाबतीतही १९७४ नंतर १९९९ चे कारगिल आले. मग अलीशाची भाकर वाया गेली का? शास्त्र तसे म्हणत नाही आणि त्याउलटही म्हणत नाही. दोन वचने शेजारी शेजारी ठेवून देते. शत्रू पुन्हा येणार नाही म्हणून त्याला जेवू घाल, असे प्रेषित पौलही रोमकरांस लिहीत नाही. तो भुकेला आहे म्हणून जेवू घाल, एवढेच (रोम. १२:२०).

शिक्षकांना एक सूचना. हा भाग शिकवताना ‘किती मेले’ हा प्रश्न मुले विचारणारच. दोथानाच्या गोष्टीत त्याचे उत्तर आहे : एकही नाही. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पडते ती मोडू नये. काही मुलांच्या तोंडावर निराशाही दिसते. तीही दिसू द्यावी.

येथपर्यंत लिहून हा लेख आम्ही पाठवणार होतो. परंतु नदीच्या उताराबद्दल लिहिताना आमच्याच मंडळीतला एक उतार डोळ्यांपुढून हलेना, आणि तो न लिहिणे हा लबाडपणा झाला असता.

काही वर्षांमागे आमच्याकडे हिशेबावरून वाद झाला. एका कुटुंबाकडे काही वर्षे कामकाज होते. चुका होत्या, काही कागद सापडत नव्हते. आम्ही पंच बसलो. वह्या तपासल्या, जुने ठराव काढले, साक्षी-सह्या घेतल्या. एकेक करून त्यांचे सगळे मार्ग आम्ही बंद केले. पहिल्या सभेत ते भांडले, दुसऱ्या सभेत आवाज खाली आला. तिसऱ्या सभेत त्यांनी विचारले, ‘‘मी आता काय करू म्हणता?’’ तो माणूस नदीच्या काठावर उभा राहून पार जाऊ द्या म्हणत होता. आम्ही म्हटले, लेखी द्या. त्यांनी लेखी दिले नाही. पुढच्या रविवारपासून ते कुटुंब आले नाही. त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने पेढे आणले होते. आम्ही ते खाल्ले.

आमचे हिशेब चुकीचे नव्हते. आजही वह्या उघडल्या तर आमचेच खरे ठरेल. इफ्ताहाचेही खरेच होते, धमकी एफ्राइमानेच दिली होती. क्लेर यांनी लढाईआधी पत्र पाठवले, गिदोनाजवळ चार गोड शब्द होते, अलीशाने भाकर ठेवायला सांगितली. आमच्याजवळ फक्त ठरावाची वही होती. प्रभू येशू यरुशलेमेजवळ आला तेव्हा त्या नगराभोवती शत्रू मेढेकोट उभारून चहूकडून कोंडतील हे त्याला दिसले (लूक १९:४१–४४). ज्या नगरात त्याला वधस्तंभावर देणार होते तेच नगर घेरले जाणार म्हणून तो आनंदला नाही. तो रडला. पेढ्यांचा डबा आठवला की ही चार वचने आम्हांला वाचवत नाहीत.

गेल्या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे जण त्यांच्या घरी गेलो. बरोबर वही नेली नाही. जाताना सराफ्यातून काही गोड घ्यावे असे एकाच्या मनात आले, पण पेढ्यांची आठवण होऊन तोही विचार सोडला. दार त्यांच्या आईने उघडले. वय झाले आहे, डोळ्यांना कमी दिसते, आवाजावरून ओळखले. ‘‘या,’’ म्हणाल्या. त्यांचा मुलगा आतल्या खोलीतून आला, आम्हांला पाहून दाराशीच थांबला, मग खुर्ची ओढून बसला. हिशेबाचा विषय कोणीच काढला नाही. आम्ही क्षमा मागण्यासाठी जे शब्द ठरवून गेलो होतो ते निम्मेच बोलता आले. त्यांनी मान खाली घालून ऐकले. हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. चहा झाला. उठताना आजींनी विचारले, ‘‘पेटीचा तो एक सूर अडकायचा, तो दुरुस्त झाला का?’’

झाला नाही, म्हणून सांगितले. तेव्हा त्यांचा मुलगा प्रथमच बोलला. म्हणाला, ती पट्टी खालून उचलून मागे सरकवावी लागते, वरून दाबून उपयोग नाही.